हातमोज्याचं बोट

प्रिय झोपाळूराव,

तुझ्या बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही, म्हणून तिकडे माल घेऊन निघालेल्या ड्रायव्हरदादांकडे हे पत्र देतेय. हातात पडल्या पडल्या वाच, जेवणानंतर बघू म्हणून खिशात कोंबू नकोस.

आज सकाळी तबेल्यातल्या पांढऱ्या घोडीच्या पायाला टाके घालायचे होते. तिला सुईचं वावडं, म्हणून जिभेखाली गुंगीची जेल लावली. हे औषध माझं आवडतं. घोडी उभीच राहते, पण मान खाली येते, ओठ लोंबतो, दुखणं बोथट होतं. हृदय मंदावतं आणि मधूनच एखादा ठोका चुकतो. त्याचं मला एरवी काहीच वाटत नाही.

टाक्यांसाठी हातमोजे बदलायला गेले, तर एका मोज्याचं बोट फाटलेलं. जेल लावताना तिचा दात लागला असणार. आत बोटावर ओरखडा, त्यावर चिकट जेल. साबणाने हात धू धू धुतला. टाके मोठ्या डॉक्टरांनी घातले, मी घोडीचे ठोके ऐकत उभी राहिले. एक चुकला आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. नंतर तोंडाला कोरड पडली, पापण्या जडावल्या. ते औषधाने की भीतीने, कळेना. तू हसशील. एवढ्याशा थेंबाने घोडीची साधी शेपूटही थांबली नसती. पण मी फार घाबरलेय रे.

त्या डब्यावरची एक ओळ मी प्रत्येक मालकाला मोठ्याने वाचून दाखवते, ‘गरोदर बाईने हे हाताळू नये.’ तुला सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी आपण सगळ्यांना सांगून बसलो आणि नंतर एकेकाला उलटं सांगताना तू फोन माझ्याच हातात द्यायचास. या वेळी जरा दिवस जाऊ देत, असं ठरवलं होतं. आता दवाखान्यात पडून लिहितेय. डॉक्टरबाईंनी यंत्र लावून पाहिलं, बाळाचे ठोके नीट सापडले नाहीत. अजून लहान आहे, कधी कधी सापडत नाहीत, घाबरू नका, म्हणाल्या. संध्याकाळी पुन्हा ऐकणार आहेत. मला ते एकटीने ऐकायचं नाही. त्याच गाडीने परत ये.

तुझीच,
हातमोजेवाली