पाठीवरची तलवार

२ जानेवारी
मेव्हण्याची कादंबरी बाजारात आली. अद्भुतकथा म्हणे. राजपुत्र, राक्षस, शापित जंगल, सगळा माल आहे. मेव्हणा दातांचा डॉक्टर. दोन पेशंटच्या मधल्या वेळेत लिहिली, आठ महिन्यांत! मला अजिबात हेवा वाटत नाही. मी माझी अद्भुतकथा अकरा वर्षं लिहितोय, कारण मी ती गंभीरपणे लिहितोय. आजवरचं काम: वह्या नऊ, नकाशे चार, राजघराण्याची वंशावळ सात पिढ्यांची, जंगलातल्या लोकांच्या भाषेचं व्याकरण क्रियापदांपर्यंत. नायक अजून जन्माला यायचाय. घाई नाही.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन पानं.

३ जानेवारी, सकाळी ८.४०
उठलो नाही. थंडी.

५ जानेवारी
रजा टाकून त्याचं पुस्तक एका बैठकीत संपवलं. केवळ चुका काढायला. म्युझियममधलं मध्ययुगीन दालन बावीस वर्षं मी सांभाळतोय. चिलखत घातलेला माणूस जिना कसा चढतो ते मला विचारा. याचा नायक तलवार पाठीला लावतो आणि पाठीवरूनच सपकन उपसतो. पान ३१. अरे बाबा, पात्याची लांबी बघ, हाताची लांबी बघ! अर्ध्यातच अडकते ती. पान ३८ वर घोडा रात्रभर दौडतो, थेंबभर पाणी पीत नाही. घोडा आहे की स्कूटर?
शेवटाला डोळ्यात पाणी आलं. छपाई फार बारीक आहे.

८ जानेवारी
पहाटेचा संकल्प तूर्त स्थगित. त्याऐवजी चोऱ्यांची यादी करतोय. नदीत सोडलेलं राजघराण्यातलं बाळ: पुराणातलं. दगडात रुतलेली तलवार: मध्ययुगातली. खजिन्यावर वेटोळं घालून बसलेला सर्प: दोन्हीकडचा. मेलेल्या बायकोला आणायला पाताळात उतरणारा नवरा, वर ‘मागे वळून बघू नकोस’ची अट: फारच जुनं. सगळं अंग वज्राचं आणि एकच जागा कच्ची: हेही जुनंच, फक्त याने ती जागा अक्कलदाढेत नेऊन ठेवलीय. एकूण चोऱ्या एक्केचाळीस. स्वतःचं काय, तर मागच्या कव्हरवरचा फोटो.
बायकोने यादी वाचली. मग विचारलं, नदीतलं बाळ तुमच्या वंशावळीतही आहे ना? आहे. तीन आहेत. पण मी घेतो तो वारसा आणि तो घेतो ती चोरी. एवढा साधा फरक तिला कळत नाही. भावाचीच बाजू घेणार.

११ जानेवारी
लेकीच्या शाळेत ‘लेखक भेटीला’ नावाचा कार्यक्रम आहे. अख्ख्या सातवीत घरात लेखक असलेली ही एकटीच, त्यामुळे कोणाला बोलवायचं ते हिनेच शुक्रवारपर्यंत बाईंना सांगायचंय. आता घरातला लेखक म्हटल्यावर कोण, ते काय सांगायला हवं? मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. अशा गोष्टी मागायच्या नसतात. जेवताना फक्त वही नंबर एक सहज तिच्या ताटाशेजारी ठेवली.
तिने त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

१२ जानेवारी
निळा शर्ट इस्त्रीला दिला. भाषणाचे मुद्दे काढले. सही कशी करायची याचा सराव, दीड पान.

१५ जानेवारी, शुक्रवार
तिने मामाचं नाव दिलं.
सहज कारण विचारलं. म्हणाली, मामाचं पुस्तक आहे ना. मी म्हटलं, माझ्या नऊ वह्या आहेत. म्हणाली, वाचायला कधी दिल्यात? आता अपूर्ण कलाकृती दाखवायची नसते, हे तेरा वर्षांच्या पोरीला कसं समजावणार?
इथे कोण वाचायला येतंय, लिहूनच टाकतो: जळलो. पार कोळसा झाला. लेक माझी, विषय माझा, आणि टाळ्या त्या दाढा उपटणाऱ्याला!

त्याच दिवशी, संध्याकाळी
लेक विचारत होती, तुम्ही पण याल का, म्युझियमची तलवार घेऊन? हो म्हणालो. लगेच. डोक्यात एक योजना आलीय.

१८ जानेवारी
शाळांना दाखवायची नकली तलवार म्यानासकट मागून घेतली. पातं तेहतीस इंच. माझा हात अठ्ठावीस. गणित स्पष्ट आहे. मेव्हण्याला वर्गात पान ३१च वाचायला सांगितलंय. मी तलवार पाठीला लावून उपसेन. ती अडकेल. वर्ग हसेल. मग मी खिशातून यादी काढेन. लेकीला कळेल, खरा जाणकार कोण.
बायको म्हणते, एकदा घरी करून बघा. गणित स्पष्ट असताना करून काय बघायचं?

२२ जानेवारी
शाळेत मेव्हण्याने पान ३१ वाचलं. मी उभा राहिलो. मोठ्याने म्हणालो, आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. हात मागे नेला, मूठ धरली, ओढली.
सपकन आली.
म्यान एका बाजूने उभं कापलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी पोरांकडून तलवार अडकायची, म्हणून आमच्या सुताराने कापलं. तसा लेखी अर्ज गेला होता. अर्जावर सही माझी.
पोरं बाकांवर चढली. बाईंनी फोटो काढला. मी तरीही यादी काढून चोरी क्रमांक एक वाचली. पोरांना वाटलं क्विझ आहे, धडाधड हात वर. पहिल्या पाच बरोबर उत्तरांना मेव्हण्याने टूथब्रश वाटले.
मग तो वर्गाला म्हणाला की मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दर रविवारी यांच्याकडे जेवायला जायचो, भावोजी या गोष्टी सांगायचे, बाकीचे उठून जायचे, मी बसून राहायचो. अर्धं पुस्तक त्यांचंच आहे, म्हणे. सगळा वर्ग माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागला.
चांगुलपणाचा आव. दुसरं काय! आता त्याच्यावर धड चिडताही येत नाही. याहून मोठा छळ नाही.

२३ जानेवारी, संध्याकाळी ६
लेक आपणहून माझ्या टेबलापाशी आली. पाताळात उतरणाऱ्या नवऱ्याची मूळ गोष्ट सांगा म्हणाली. जुनी, खरी. मामाची नको.
अकरा वर्षं या क्षणाची वाट बघत होतो. पण अर्धवट सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हटलं, आधी सात पिढ्या समजून घ्याव्या लागतील, मग नकाशा. त्यापेक्षा थांब, सगळं माझ्या पुस्तकात येईलच. ती ठीक आहे म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी ६.२०
आतल्या खोलीतून मेव्हण्याचा आवाज येतोय. फोन स्पीकरवर. तीच गोष्ट सांगतोय. नदी चुकली. नावाड्याला म्हातारा करायचं विसरला. लेक मध्ये मध्ये ‘मग?’ विचारतेय.
जाऊन दुरुस्त्या सांगाव्यात म्हणून उठलो.

संध्याकाळी ७
सांगितल्या नाहीत. दाराशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं. बरी सांगतो.