सायकलची दुसरी चावी

सुयोग,
डाळभात झाकून ठेवलाय, खाऊन घे. मी शुऐब्याला कामावर चालत निघालोय. पगारातून कापून कंपनीने सायकल दिली ती माझ्या नावावर, म्हणून बसच्या यादीतून माझं नाव गेलं. दिवसपाळीला ती मी न्यायची, रात्रपाळीला तू, असं आपलं ठरलं होतं. ती चोरीला गेली म्हणालास, माझ्याबरोबर दोन दिवस शोधायलाही फिरलास. काल ती फोरमनच्या दारात दिसली. तो म्हणाला, "सुयोग दे गया." गणपतीची रजा तुला दिल्याचंही त्यानेच सांगितलं. यंदा रजेची पाळी माझी होती. गावी गेलास की माझ्या आईला मी बरा आहे एवढंच सांग. कुलुपाची माझी चावी तुझ्या उशीखाली ठेवलीय. तीही त्याला नेऊन दे.
काशिनाथ