सात इंचाला दोन सूत कमी

सुरत, वेड रोड
ता. ९ सप्टेंबर २०१२

प्रिय नना,

थोरल्या भावाच्या, तुझ्या, आणि आईच्या पाया पडतो. आईला सांग, दोन्ही वेळ जेवतो, मेसमधला डालमा आता पहिल्यासारखा पाण्यासारखा नसतो. वहिनीने मागच्या खेपेला निरोप धाडला होता, दिराने मागाशीच लग्न लावलं काय विचारा म्हणून. तिला म्हण, माग फार बडबड्या आहे, असली बायको नको.

हे पत्र आणि पिशवीतलं खोकं लोकनाथ साहूच्या हाती देतोय. तो माझ्या शेजारच्या मागावर असतो, बहिणीच्या लग्नाला आपल्याकडे बुगुड्याला निघालाय. खोकं हलवू नको, आपटू नको, उशाशी ठेव, असं त्याला तीनदा बजावलं, तर म्हणतो, “सिमांचल, आत अंडी उबवायला ठेवलीस का?” त्याला चहा पाज.

आत ग्राफिक्स कार्ड आहे. ते कसं मिळालं ते ऐक. तू सांगितलंस की बंद पडलेल्या सायबर कॅफेतून घेतलेला कॉम्प्युटर बाकी सगळं करतो, पण देवळाच्या दाराचं चित्र फिरवून दाखवायचा तो प्रोग्राम उघडला की नुसती चौकट दिसते आणि दाराच्या जागी काळं. मी इथे नटुभाईच्या दुकानात गेलो. तो जुने सुटे भाग विकतो. मी म्हटलं, एक ग्राफिक्स कार्ड द्या. त्याने चष्म्यावरून पाहिलं. म्हणाला, “चप्पल मागितल्यासारखं मागतोस. पाय कुणाचा आहे ते सांग.”

मग त्याने विचारायला सुरुवात केली. आतल्या मुख्य पाटीवर लांब खाच रिकामी आहे का? वीज देणारा डबा किती वॅटचा आहे? त्यातून कार्डासाठी वेगळी तार निघते का? पेटीत मागच्या पत्र्यापासून पुढे हार्डडिस्कच्या कप्प्यापर्यंत जागा किती? मला यातलं एकही माहीत नव्हतं. म्हणून त्या दिवशी तुला फोन करून पेटी उघडायला लावली. खाच आहे. डबा अडीचशे वॅटचा. वेगळी तार नाही. मग नटुभाईने मोठी दोन पंख्यांची कार्डं बाजूला सारली. म्हणाला, “ही तुझ्या डब्याचं रक्त पितील आणि दुसऱ्या दिवशी दोघंही मरतील.” शेवटी हे निघालं. खाचेतून मिळते तेवढ्याच विजेवर चालतं. लांबी सात इंच, आणि तू जागा सात इंच सांगितलीस, तेव्हा मापात माप.

बसवताना प्लग काढ, आधी पेटीच्या पत्र्याला हात लाव, मगच कार्डाला. आणि स्क्रीनची तार जुन्या जागेवरून काढून कार्डाच्या तोंडाला लाव. नटुभाई म्हणतो, निम्मे लोक तार जुन्याच जागी ठेवतात आणि दुकानदाराला शिव्या देतात.

कुमार पौर्णिमेनंतर ठाकुराणीच्या देवळाची कमिटी दाराचं काम कुणाला द्यायचं ते ठरवायला बसणार, त्याच्या आत हे झालं पाहिजे. बेरहामपूरचा मशीनवाला लॅपटॉपवर ठाकुराणीचं दार गरागरा फिरवून दाखवतो आणि म्हातारे माना डोलावतात, हे तू लिहिलंस तेव्हापासून माझं मागावर लक्ष नाही. मशीनने कोरलेलं दार सगळीकडे एकसारखं खोल असतं, मेल्यासारखं. पण चित्रच दिसलं नाही तर ते तुझ्या हाताकडे बघणार कधी?

काम मिळालं तर मी येऊन दुसऱ्या फळीला बसेन का, हे तू विचारलंस. बघतो. आधी कार्ड बसू दे. मी गेल्या महिन्यात परत कारखाना बदलला. पाय एका जागी ठरत नाहीत, तू ओळखतोसच.

फोन करू नकोस. इथे मागांचा आवाज, त्यात माझ्या फोनचा स्पीकर गेलाय. चिठ्ठी लिही.

तुझा,
सिमा

*

सुरत
ता. ३ ऑक्टोबर २०१२

प्रिय नना,

तुझं पोस्टाने आलेलं पत्र वाचलं. नमस्कार नाही, खुशाली नाही, पहिलीच ओळ: “तुला सुताराचा मुलगा म्हणू की कोष्ट्याचा?” ठीक आहे. घरात सगळे बरे असतील असं धरून चालतो.

कार्ड खाचेत जातंय पण पुढचं टोक हार्डडिस्कच्या कप्प्याला अडतंय, हे कळलं. तू लिहितोस, “मी फोनवर दोनदा सांगितलं, सात इंचाला दोन सूत कमी.” नना, मी सहा वर्षं सूत धरतोय. इथे सूत म्हणजे धागा. दोन सूत कमी म्हणजे दोन धागे कमी. दोन धाग्यांनी काय अडणार? दाबलं की बसेल. तुझं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला विसरायला झालं. पाव इंच म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? लोकनाथला हे सांगितलं तर तो हसून हसून भिंतीला टेकला. “एक भाऊ लाकडाचं सूत मोजतो, दुसरा कापसाचं, मध्ये कॉम्प्युटर बिचारा.”

मी गप्प बसलेलो नाही. नटुभाईकडे रोज जातो. तो आता मला बघितलं की शटर ओढायला लागतो. त्याच्याकडे आखूड कार्ड एक आहे, पण ते इतकं जुनं की तुझा प्रोग्राम त्याला ओळखायचा नाही. दुसरं नवं आहे, आखूडही आहे, पण तुझ्या पेटीतली पाटी जुनी, ती त्या कार्डाला जागं करेल की नाही याची तो हमी देत नाही. म्हणतो, “घेऊन जा, लावून बघ, नाही चाललं तर माझ्याकडे येऊ नको.” असल्या बोलीवर मी काय धाडू? तुझे दिवस चाललेत.

कप्पा करवतीने काप असंही एकदा मनात आलं. पण मग हार्डडिस्क कशावर राहील? आणि कृपा करून कार्डाला कानस लावू नकोस. तू लावशील म्हणून लिहितोय. ते साग नाही.

वहिनीने पत्राच्या कडेला लिहिलंय ते वाचलं. फोन उचलत नाही, आणि पत्रात पानंच्या पानं, तर नक्की कोणी बाई आहे. वहिनी, बाई नाही. मेसमध्ये चाळीस पुरुष, चपला सारख्या आणि वास सारखा, बाई कुठून येणार. फोन न घ्यायचं कारण मी लिहिलंय. मागांच्या आवाजात काही कळत नाही.

नना, तू रागावू नकोस. तुझ्याशी फोनवर बोललो त्या दिवशी मी मन लावून ऐकत होतो. लाइट गेली होती, सगळे माग बंद, मी जिन्यात निवांत बसलो होतो. आणि तरी असं झालं. माझं मलाच काही सुचेना झालंय. दोन पाळ्यांच्या मध्ये झोप येत नाही, उठून तापीच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो, आणि परत आलो की वाटतं अजून जायला हवं होतं.

पौर्णिमेला थोडे दिवस राहिलेत. काही करता आलं तर कर. माझ्या चुकीमुळे दार त्या मशीनवाल्याकडे गेलं तर मी गावात तोंड घेऊन येणार नाही.

तुझा,
सिमा

*

सुरत
ता. ११ नोव्हेंबर २०१२

नना,

पाया पडतो. आईच्या पाया पडतो. वहिनीलाही या वेळी नुसता नमस्कार नाही, पाया पडतो.

तुझं पत्र मी मेसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. फणसाच्या फळीची पेटी. सगळी कॉम्प्युटरची आतडी बाहेर काढून, जुन्या पेटीचा मागचा पत्रा फक्त ठेवून, बाकी सगळं लाकडात बसवलंस. नटुभाईला सांगितलं तर आधी त्याचा जीव खालीवर झाला, “लाकडात अर्थिंग कसलं?” मग पत्रा तसाच ठेवलाय आणि पाटी त्याला तारेने जोडलीय, हे ऐकून खुर्चीवर टेकला. म्हणाला, “तुझा भाऊ पायाला चप्पल नाही बघत, चपलेला पाय करतो.” वारा जायला तू बाजूला जी नक्षीची जाळी कापलीस तिचा फोटो असता तर त्याने दुकानात लावला असता.

आणि दार फिरलं. मला ती ओळ पुन्हापुन्हा वाचावीशी वाटते. दार फिरलं, कमिटीचे सेक्रेटरी चष्मा सावरून बघत होते, आणि म्हातारे दंडपाणी पाढी स्क्रीनकडे पाठ करून पेटीचा सांधा नखाने तपासत बसले. “खिळा कुठाय?” तू म्हणालास, खिळा नाही. ते म्हणाले, “मग ठाकुराणीच्या दाराला तरी कशाला हवा.” आणि काम तुला दिलं.

आता शेवटची ओळ. दोन फळ्या, चैत्राच्या आत उभ्या राहिल्या पाहिजेत, एका हाताने होणार नाही, बाहेरचा कारागीर ठाकुराणीच्या दाराला लावायचा नाही असं कमिटीने सांगितलंय. “येतोस की नाही, एका शब्दात लिही.” आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, “माग बंद होते म्हणतोस, मग आवाज कसला होता?”

तू कोरतोस तसंच वाचतोस, कुठेच घाई नाही. मीच माझ्या हाताने लिहून बसलो.

आवाज नव्हता, नना. जिन्यात इतकी शांतता होती की लोकनाथ कुजबुजत होता. खाच, वॅट, तार, हे तुझं सगळं त्याने ऐकलं आणि मला सांगितलं, आणि ते सगळं बरोबर निघालं. शेवटचं माप तेवढं मी त्याच्या हातातून फोन घेऊन स्वतः ऐकायला गेलो. माझ्या भावाशी मला बोलायचं होतं. मला फक्त ‘सात’ ऐकू आलं. पुढे तू काहीतरी बोलत होतास, दोनदा बोललास, मी दोन्ही वेळा “हो हो” म्हटलं. सुताचं जे पुराण मी मागच्या पत्रात लावलं ते तुझं पत्र आल्यावर रचलेलं होतं. मी सूत विसरलेलो नाही. बाबांनी शिकवलेलं ते पहिलं माप आहे.

डावा कान गेला. उजव्याने ऐकतो ते पाण्याखालून ऐकल्यासारखं. कधीपासून ते सांगता येत नाही, कारण इथे कुणाला कळतच नाही. मागावर सगळेच ओठांवरून बोलतात. दोन हात अंतरावर उभा माणूस तोंड उघडतो आणि आपण ओळखतो, गाठ आली, बॉबिन संपली, चहा आला. सहा वर्षांत मी त्यात इतका तयार झालो की नवीन कारखान्यात पहिल्या दिवशी मालक म्हणाला, पोरगा हुशार आहे. फोनला ओठ नसतात. म्हणून फोन नको होता.

आणि म्हणून घरही नको होतं. तू मला पळपुटा समजत होतास, समजू दिलं. घरी आलो असतो तर पहिल्या जेवणात वहिनीच्या ध्यानात आलं असतं. पण त्याचं एवढं नाही. नना, बाबा लाकूड घ्यायला जायचे तेव्हा बोटाच्या पेराने ठोकायचे आणि डोळे मिटायचे. आत पोकळ आहे, आत चीर आहे, आत किडा आहे, सगळं त्या आवाजात. छिन्नी खोल चाललीय की उथळ, तेही. तू अजून तसंच करतोस. मी ठोकून काय करू? तुला दुसरा हात हवाय आणि मी बहिरा हात घेऊन येऊ? ठाकुराणीच्या दारात माझ्या फळीला चीर गेली तर?

म्हणून मी पाठवत राहिलो. कार्ड पाठवलं, जमलं असतं तर अजून चार गोष्टी पाठवल्या असत्या. मी सोडून सगळं.

इथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. कान तपासायला एका छोट्या बंद खोलीत बसवून बटण दाबायला लावतात, आवाज आला की दाब म्हणतात. मी बराच वेळ नुसता बसून होतो. डॉक्टरबाई समोर येऊन, माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलल्या. गेलेलं परत यायचं नाही. उजव्यातलं राहिलंय ते राखायचं असेल तर माग सोड. कानाला लावायचं मशीन बेरहामपूरला मिळेल, त्याने बोलणं कळेल, लाकूड कळेल की नाही ते त्यांना सांगता आलं नाही. तो प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

काल मेसच्या दाराला हाताचा तळवा लावून दुसऱ्या हाताने ठोकून पाहिलं. वर ठोकलं, बिजागरीपाशी ठोकलं. तळव्याला फरक लागतो असं वाटलं. वाटलंच, खात्री देत नाही. तुला खोटं आता लिहायचं नाही.

तर एका शब्दात: येतो.

पण समजून बोलाव. लाकूड निवडायला तू जायचं, मी नाही. माझ्या फळीचं दिवसभराचं कोरून झालं की रोज संध्याकाळी तू ती ठोकून बघायचीस, आणि आवाज बिघडला असेल तर माझ्या तोंडाकडे बघून स्पष्ट सांगायचं, मन राखायचं नाही. खरवडणं, तासणं, पॉलिश, चित्रावरून माप उतरवणं, ते कॉम्प्युटरचं काम, हे माझ्याकडे दे. डोळे बरे आहेत. हात तर तू बघशीलच. एवढं करूनही जमलं नाही तर चैत्रानंतर मला सांग, मी परत जाईन, मागावर नाही, दुसरं काही शोधेन. पण दार झाल्याशिवाय जाणार नाही.

मालकाला सांगून टाकलंय. लोकनाथला वाईट वाटलं, आता शेजारी उभा राहून शिव्या कोणाला देऊ म्हणतो.

आईला तू सांगू नकोस, मी सांगेन. तिला वाटेल गावाकडच्या देवाचा कोप, तर तिच्या शेजारी बसून सांगावं लागेल.

गाडी बेरहामपूरला दुपारी पोचते. तू येशीलच, नको म्हटलं तरी. गर्दीत मला पाठमोरा बघितलंस तर मागून हाक मारू नकोस. मी वळणार नाही, आणि तुला वाटेल अजून रुसून आहे. समोर येऊन उभा राहा.

तुझाच धाकटा,
सिमांचल