हळदीकुंकवाला मला बोलावणं नसतं

१० जाने. १९४६
शेजारची चंद्रा आज कबूल झाली. बाळूला देवी टोचून घेणार. दीड वर्षांचा आहे, माझ्या मांडीवरच झोपला होता. माझा वसंता याच वयाचा असताना देवींनी गेला, हे तिला आज पहिल्यांदा सांगितलं. तेव्हा लस असते हेच ठाऊक नव्हतं. आमचे हे गेल्यावर एकटी बसून वाचायला शिकले, मग कळलं. कळून काय.
देवी टोचणारा बेलापूरहून येणार आहे. चंद्रा म्हणाली, "मावशी, मी जावेलाबी सांगते." जावेनं आणखी दोघींना सांगितलंही.

१५ जाने.
काल संक्रांत. आता रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. चंद्रा मागच्या दारानं तिळगूळ देऊन गेली.

१९ जाने.
विहिरीवर कुणी धड बोलेना. शेवटी चंद्राच्या जावेनं सांगितलं. कुणाच्या तरी घरी वाण देताना विषय निघाला, बेलापुरात टोचलेलं पोर तापानं गेलं म्हणे. कुणाचं पोर? माहीत नाही. तिथून पुढच्या घरी, तिथून त्याच्या पुढच्या. गाव फिरून झालं. मी त्यातल्या एकाही घरात नव्हते. उलट विचारणारं तिथे कोण होतं?

२१ जाने.
दुपारभर घरं हिंडले. प्रत्येकीचं एकच. "मला पटतंय वो, पन बाकीच्या न्हाई म्हनत्यात." सगळ्यांना पटतंय आणि कुणीच टोचणार नाही. जेवले नाही.

२३ जाने.
पाटलीणबाईंकडे. त्यांनी नातवाला नगरला गुपचूप टोचून आणलंय. दंडावरची खूण मी पाहिली आहे. म्हटलं, तुमच्या हळदीकुंकवात बायकांना तेवढी दाखवा. हसल्या. "सरूबाय, मंग माज्या हातचं वाण कोन घिईल?" वर म्हणाल्या, "तुमचं बरं हाय, एकटा जीव."
बरं आहे.

२५ जाने.
देवी टोचणारा आला, चावडीपुढे बसला, चहा पिऊन गेला. एक पोर नाही. चंद्रा बाळूला घेऊन निघाली होती, सासू दारात आडवी. मी मधे बोलले तर माझ्यावरच. "सगळ्या गावाला येडं समजता व्हय?" चंद्रा खाली बघत आत गेली.

१४ फेब्रु.
बाळूला ताप. साधा असेल.

१७ फेब्रु.
साधा नाही. अंगावर उठलं. दाराला कडुलिंब बांधलाय. उंबऱ्यापर्यंत गेले. सासू म्हणाली, "तितंच ऱ्हावा. तुमी त्याला मांडीवर घेतलं तवापासनं..." पुढचं गिळलं.
संध्याकाळी विहिरीवर तेच ऐकलं, पूर्ण वाक्यात.

२१ फेब्रु.
देवी टोचणारा पुन्हा आला. चावडीपुढे ही रांग. पाटलीणबाई नातवाचा दंड उघडा करून सगळ्यांना दाखवत होत्या. "आमी तर कवाच टोचलं." मला कुणाला काही सांगावं लागलं नाही.
रात्रंदिवस बाळूचं रडणं भिंतीतून येत होतं. आज सकाळपासून नाही. चंद्राचाही आवाज नाही. विचारायला जावं तर दार बंद.
झोपला असेल.