तेल पाजलेलं जहाज

१४ नोव्हेंबर, शुक्र.
स्नेहलनं फोंड्याहून खोकं पाठवलं. लाकडी जहाज, सुटे भाग, घरी जोडायचं. लेकीचा हट्ट. फिजिओवाल्या बाईंनी तिला सांगितलं म्हणे, बाबांना बोटांचं बारीक काम द्या, उजवा हात त्यानंच सुधारेल. मुरगावपर्यंत खनिजाची बार्ज नेणाऱ्या मास्टरला खेळण्यातलं जहाज. तेही शिडाचं. शिडाला जन्मात हात लावला नाही मी.
मालिनी तिची आई, तिच्याच बाजूची. म्हणाली, वायंच बघा तरी. कपाटावर ठेव म्हटलं. ठेवलं तिनं.

१६ नोव्हें., रवि.
शाबा आला होता. माझ्या बार्जवर खलाशी होता, हल्ली मासळीची गाडी चालवतो. बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होतेय म्हणतो. पात्रांव, आमचे मालक, बार्जची डागडुजी करतायत, जुन्या मास्टरना फोन जाणार. खरं असेल? इतकी वर्षं बार्ज खाडीत बांधून गंजली, मीही तिच्यावर राखणदार म्हणून बसून गंजलो. आता ती निघायची वेळ आली तर माझा हात असा. पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजव्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा राहत नाही.
हात सुधारला तर बार्जवर जाईन. नाहीतर माझ्या जागी दुसरा उभा राहील आणि मी दारापुढच्या बलकांवात बसून पाववाल्या पोदेराची वाट बघत बसेन. हे मला सोसणार नाही.
खोकं खाली काढलं.

२० नोव्हें.
भाग मांडले. मधला कणा, त्याच्या खाचांत बसवायच्या फासळ्या, वरून लावायच्या झाडूच्या हिरासारख्या पट्ट्या. पुस्तिका इंग्रजीत, चित्रं बरी आहेत. फासळी उजव्या हातात धरायची, डाव्यानं गम लावायचा. धरली की पडते. सगळी सकाळ त्यात गेली. मालिनी उचलून द्यायला वाकली तर तिच्यावर ओरडलो.

२५ नोव्हें.
सांगाडा उभा राहिला एकदाचा. वाकडा आहे, पण उभा.
लाकूड अगदीच भुसभुशीत. मुळगावच्या दमट हवेत वाळवी एका पावसात फस्त करील. न्हाणीच्या वाशांना लावायला आणलेलं काजूच्या टरफलांचं तेल बाटलीत उरलं होतं. आमच्या बाबांनी आपल्या होडीला आयुष्यभर हेच पाजलं, किडा शिवला नाही. सांगाड्याला दोन हात दिले. छान काळा झाला. पुस्तिकेत यातलं काही नाही. त्या लोकांना वाळवी काय माहीत.
तेलानं बोटांना फोड आलेत. डाव्या हाताच्याच. उजव्याला कळतही नाही.

३० नोव्हें., रवि.
पट्ट्या चिकटत नाहीत. गम लावून, चिमटे लावून, रात्रभर ठेवून सकाळी बघावं तर सगळ्या खाली. तेल प्यालेल्या लाकडावर गम बसणार कसा? होडीला खिळे मारतात, पूर्वी काथ्यानं शिवत, तिथं गम लागतो कोणाला. स्वतःच्या हातानं घाण करून ठेवली.
स्नेहल फोनवर हसली. दुसरं मागवते म्हणाली. नको म्हटलं. आवाज चढला माझा, उगाच.

७ डिसें.
पॉलिश पेपरनं तेल घासून काढतोय. फासळ्यांच्या कडांवरून, खाचाखाचांतून. डावा हात धरतो, उजवा घासतो. घासायला बोटं लागत नाहीत, पंजा पुरतो. घरभर काळी भुकटी. मालिनी रोज झाडते, कुरकुरत नाही. कुरकुरली असती तर बरं झालं असतं.
पात्रांवांचा फोन नाही.

१८ डिसें.
पहिली पट्टी बसली. चिमटा उजव्या हातानं दाबला आणि सुटला नाही! मालिनीला हाक मारून दाखवलं. तिनं हात लावून बघितलं, पट्टीला नाही, माझ्या बोटांना. मग म्हणाली चहा निवला.
बरं वाटलं आज. असं या वहीत याआधी कधी लिहिलं होतं आठवत नाही.
फोन नाही. माझा नंबर बदललेला नाही, त्यांच्याकडे आहे.

२ जाने.
बसनं धक्क्यावर जाऊन आलो. डिचोलीच्या बाजाराला जातो म्हणून सांगितलं घरी. बार्जला नवा रंग दिलाय, ओळखू येत नाही. वर चार माणसं. लांबूनच बघितलं, हात खिशात घालून. कोणी ओळखलं असतं आणि पुढं होऊन हात मिळवला असता तर?
येताना भाजी घ्यायची विसरलो. मालिनीनं विचारलं नाही.

११ जाने., रवि.
शाबाला बार्जवर घेतलं. पेढे घेऊन आला. मास्टर रत्नागिरीकडचा कोणी आलाय. मी म्हटलं, मला साधं विचारलं पण नाही पात्रांवांनी. तो चहाच्या कपात बघत बसला. मग म्हणाला,
"पात्रांव तुमकाच बोलावतालो. पण वयनीनच फोनार सांगलां मां, हात चलणा नाय म्हणान."
मालिनी तेव्हा परसात होती. शाबा गेल्यावर मी पट्टी वाकवायला घेतली, ती मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. मुद्दाम नाही. किंवा असेलही.

१२ जाने.
विचारलं. ती नारळ किसत होती.
मालिनीनं देवाचा कौल घेतल्याशिवाय या घरात काही केलेलं नाही. स्नेहलची सोयरीक, विहिरीचा पंप, फ्रिजसुद्धा. पुजारी मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतात, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. मी हसायचो. आज हसलो नाही. म्हटलं, देवानं डावा दिला असेल, म्हणून केलंस ना फोन? निदान मला सांगायचं होतंस.
किसणं थांबलं नाही तिचं. खाली बघूनच म्हणाली,
"देवान उजवोच दिलो. जावंदी म्हणान. तरीय मी नाय म्हणान सांगलंय. थंय नदीत झटको इलो तर तुमका घराक कोण हाडतलो? माका तुमी जिते होयात."
मी बाहेर येऊन बसलो. केवढा राग घेऊन आत गेलो होतो. रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

१९ जाने.
आठवडाभर ती देवळात गेलेली नाही. रोजची फुलं काढते, घरच्या देवाला वाहते, पायरी मात्र चढत नाही. आज म्हटलं चल, दोघं जाऊ. म्हणाली, "खंयच्या तोंडान?"
पट्ट्या लावत बसलो. डावी बाजू संपत आली.

२३ जाने., शुक्र.
पात्रांवांचा फोन. स्वतःचा. रत्नागिरीचा मास्टर टिकला नाही, गावी निघून गेला. "हात कसो आसा रे तुजो?" मालिनी दारात उभी. मी म्हटलं, बरो आसा. त्यात खरं किती आणि खोटं किती ते मलाच माहीत नाही. सोमवारी कळव म्हणाले, मग मुरगावला डॉक्टरी तपासणी.
फोन ठेवला तेव्हा ती दारात नव्हती.

२५ जाने., रवि.
जाऊ नका म्हणाली नाही. जा, असंही नाही. दोन दिवस आमचं बोलणं भाजी आणि औषधापुरतं. जहाजाची उजवी बाजू अजून उघडी आहे, आज त्याला हात लावला नाही.
दुपारी पलंगावर माझा बार्जवरचा खाकी शर्ट दिसला. धुऊन, इस्त्री करून. शर्टाचं बटण मला अजून लागत नाही, रोज तीच लावते. उचलून बघितलं तर बटणं वरून तशीच, पण आतून सगळीकडे चापाची बटणं शिवलीत. नुसतं दाबलं की लागतं. कधी शिवली कुणास ठाऊक.
उद्या सोमवार. पात्रांवांना हो म्हणू की नाही, ठरत नाही.
शर्ट घालून बघितला. एका हातानं लागला. ती मागीलदारी होती. तिला दाखवावं म्हणून तसाच तिच्याकडे गेलो.