सत्तेचाळीस नंबरच्या टॉवरचं वळण

५ एप्रिल, सोमवार

थोरल्याला फोन लावला. सगळ्यांच्या तब्येती एकेक करून विचारल्या. सूनबाईची पाठ — बरी आहे. नातीचा दात — पडला एकदाचा. थोरल्याचं पित्त — "आहे तिथेच आहे, आई." मग त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. म्हटलं, दोघेही हल्ली घरीच असतात!

कामाचं विचारलं तर गडी खुलला. विजेची नवी लाईन त्याच्याच हातात आहे. शीतगृहं, कारखाने, नवी वसाहत — मागणी दुप्पट व्हायला आलीय. जुन्या लाईनच्या तारा भर दुपारी तापून लोंबतात. म्हणून तिच्या शेजारून दुसरी, जास्त ताकदीची.

७ एप्रिल

दुपारी दोनला पंख्याची गोगलगाय झाली. नवी लाईन हवीच, वाद नाही.

९ एप्रिल, शुक्रवार

थोरला नकाशा घेऊन आला. टेबलावर पसरला — एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर माझा चष्मा. "तुला आवडतं म्हणून आणला." त्याच्याच ऑफिसात मी तीस वर्षं नकाशे ट्रेस केले. शाळा चौथीपर्यंत. रेघ मारायला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकले.

सत्तेचाळीस नंबरच्या टॉवरपाशी बोट थांबलं. तिथे जुनी लाईन माळाकडे वळते, दोन टॉवरनंतर परत सरळ होते. नवीही तशीच वळवलीय, थेट एका घरावरून.

"हे कुणाचं?"

"बेकरी आहे. उठवावी लागेल. तारांखालच्या पट्ट्यात घर चालत नाही."

"मग सरळ ने की. वळवतोस कशाला?"

"बाबांची नोंद आहे ना — जमीन मऊ, म्हणून वळण. जुनं वळण मोडायचं नाही, ही आमची रीतच आहे. बाबांनी उगाच वळवली असती का?"

मी नकाशाची घडी घातली. घड्या अजून नीट घालते.

१० एप्रिल

लिहूनच टाकते. जमीन मऊबिऊ काही नव्हती! दोन कागद जोडून लाईन ट्रेस करताना खालचा कागद अर्धा इंच सरकला. मी तशीच शाई फिरवली. अर्ध्या इंचाचे जमिनीवर पन्नास मीटर झाले. ध्यानात आलं तेव्हा टॉवरचे पाये भरून झाले होते. सर्व्हेचं काम ह्यांच्याकडे होतं, आमचं लग्न व्हायचं होतं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून ह्यांनी रजिस्टरात "जमीन मऊ" लिहिलं आणि खाली सही ठोकली.

प्रेमाची चिठ्ठी एवढी मोठी कुणाला मिळाली नसेल — नव्वद फुटी, लोखंडाची!

१३ एप्रिल, मंगळवार

बेकरीत गेले. नुसता पाव घेऊन परतणार होते. दारावर नोटीस चिकटवलेली — हरकती वीस तारखेपर्यंत. बेकरीवाली लांब दांड्याच्या फळीने भट्टीतून पाव ओढत होती.

"मावशी, भट्टी कुणी उचलून नेतं का? पाडायची आणि नवी बांधायची. नवी नीट तापायला शिकेपर्यंत वर्ष जातं. तोवर गिऱ्हाईक थांबतंय होय?" मग हात पुसत, "तुमचा मुलगाच तिथला साहेब ना? जरा शब्द टाका की."

टाकते म्हणाले. पिशवी घरी येईपर्यंत गरम होती.

१५ एप्रिल

थोरल्याला सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग — "आई, हे घरातलं घरात ठेव."

म्हटलं, बेकरी घरात नाही.

"ट्रेनिंगच्या खोलीला बाबांचं नाव दिलंय. मी नव्या इंजिनीयरांना त्यांचीच रजिस्टरं दाखवून शिकवतो. ती नोंद खोटी आहे असं लिहून देऊ? मी?"

"सरळ वाटेवरची जमीन तपासून तर घे."

"कारण काय लिहू? आईला आठवलं?"

चहा न पिता गेला. कपावर साय धरली.

१८ एप्रिल, रविवार

हे असते तर म्हणाले असते, "तू गप्प बस, मी बघतो." तेव्हाही हेच म्हणाले होते. मी गप्प बसले. बसलेच.

थोरल्याचा फोन नाही.

२० एप्रिल, मंगळवार

ऑफिसच्या खिडकीवर हरकतीचा अर्ज दिला. चूक माझी, नोंद खोटी, सही माझ्या नवऱ्याची — सगळं स्वच्छ अक्षरात. कारकून म्हणाला, "आजी, साहेबांच्या आई ना तुम्ही? घरीच का नाही सांगितलंत?"

अर्ज साहेबांच्या नावे आहे. शेवटची ओळ अशी: उत्तर लवकर लिहावे, आणि ते आपल्या हाताने लिहावे.