पत्रं पुराव्यादाखल

ब्रॅम्प्टन, कॅनडा
दि. ४ फेब्रुवारी २००२

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

वकील चोर आहे हे तुझं पालुपद आता पुरे कर. फोनवर तेच, पत्रात तेच. मला इथे पक्कं राहायचे कागद त्यानेच करून दिले. संशय मलाही येतो, फीचा आकडा ऐकला की जास्तच येतो. पण नम्रताच्या व्हिसासाठी त्याने आता काय मागितलंय ते ऐक: नवरा-बायकोने एकमेकांना लिहिलेली पत्रं. लग्न खरं आहे हे व्हिसा देणाऱ्या साहेबाला पटायला हवं. मी म्हटलं, आमच्यात पत्र थोरल्या भावाला जातं, बायकोची विचारपूस त्यातच. तो हसला. म्हणाला, मग साहेब विचारेल, लग्न भावाशी झालंय का?

नम्रताला वेगळं पत्र टाकलंय. ते फोडू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे, संशय जरा उतरव.
तुझा,
उत्तरेश्वर

बिबवेवाडी, पुणे
दि. २५ फेब्रुवारी २००२

अहो,
सा. न. वि. वि.

लग्नाला तीन वर्षं झाली, माझ्या नावावर आलेलं हे पहिलं पत्र. दादांनी न फोडता दिलं, पण मी वाचून होईपर्यंत समोरून हलले नाहीत. माझ्याशिवाय करमत नाही हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग खाली तुम्हीच लिहिलंत, की अशीच पाच-सहा पत्रं मागच्या तारखा घालून लिही. म्हणजे वरचं कुणासाठी होतं, माझ्यासाठी की साहेबासाठी? तिकडे कागदापुरती लग्नं लावतात असं ऐकते. मला कागदापुरती बायको व्हायचं नाही. आणि मागची तारीख मी घालीन हो, पोस्टाचा शिक्का कोण मारणार? पकडले गेलो तर मी जन्मभर इथेच.

त्यापेक्षा तुम्ही दादांना लिहिलेली खरी पत्रं पाठवते. आधी ते देईनात. घरातल्या गोष्टी परक्याच्या हाती कशाला, म्हणाले. शेवटी मी विचारलं, मी कायमची इथे राहिलेली चालेल का? तेव्हा कपाट उघडलं. आमच्या घरी पत्र थोरल्यालाच येतं, असं स्वतःच्या हाताने लिहूनही दिलंय.

माझा लोभ आहे. तुमचा खरा की साहेबापुरता, ते कळवा.
नम्रता

ब्रॅम्प्टन
दि. २ एप्रिल २००२

प्रिय नम्रता,

रागावलीस ते बरोबर, पण आठवी नापास माणसाला शिक्क्याचं कुठून सुचणार? मागच्या तारखांचं वकिलाला सांगितलं तर तो भडकला. असलं काही केलंस तर केस सोडेन, म्हणाला. दादाला सांग, चोर तो नव्हता, मी होणार होतो.

पत्रं पोचली. वकिलाने ती एका मराठी बाईंकडून इंग्रजीत करून घेतली. त्यात दादाला लिहिलेलं काय, तर नम्रताला शिवणाचा क्लास लाव. नम्रताचा दात दुखायचा थांबला का. प्रत्येक पत्रात कुठेतरी तू आहेसच. बाई म्हणाल्या, हे तिलाच का नाही विचारलंत? फोन केला तरी तिकडे हॉलमध्ये सगळे बसलेले, मग मी थंडी आहे का एवढंच विचारतो.

अर्ज गेला. साहेब काय करेल याचा मला भरवसा नाही. तुझा माझ्यावर नसेल तर एवढंच सांगतो, या पत्राची नक्कल मी काढलेली नाही, वकिलाला हे दिसणार नाही. खोलीत दुसरी खाट आणून टाकलीय. सध्या तिच्यावर माझे धुतलेले कपडे पडून असतात.

तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. ड्राफ्ट पाठवतोय. या वेळी दादाच्या नाही, तुझ्या नावाचा. कशावर खर्च केलास ते कुणाला सांगायचं नाही, मलासुद्धा. रुपये सात हजार.